मुंगीने लावला गाण्याचा अर्थ

एक होती मुंगी. एवढीशी. पण डोकं काय चालायचं बाई तिचं!

मुंगीला मिळाला साखरेचा दाणा. घरी धाकटी बहीण उपाशी होती. मुंगी निघाली कॉम्प्युटरच्या बटणांवरून. तुरु तुरु, तुरु तुरु. तेवढ्यात विजूमावशीने बटण दाबलं. टक! दाणा गेला बटणाखाली.

"बटणदादा, बटणदादा, माझी साखर दे."

"मावशी बोट उचलेना. मी कसा वर येऊ?"

मुंगी गेली मावशीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. मावशी गात होती,

"बस रे राजा, बस निवांत,
मला कुठे आहे घाई?
मला येईल पांढरी दाढी,
तरी तू हलणार नाही!"

"मावशी, मावशी, बोट उचल.
बटण वर येईना,
माझी साखर मिळेना."

"चक्र थांबू दे. मग उचलते."

पडद्यावर चक्र फिरत होतं. गरगर, गरगर.

"चक्रा, चक्रा, थांब ना.
मावशी बोट उचलेना,
बटण वर येईना,
माझी साखर मिळेना."

"डबी नेट देईना. मी कसं थांबू?"

मुंगी गेली नेटच्या डबीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"डबीताई, डबीताई, नेट दे.
चक्र थांबेना,
मावशी बोट उचलेना,
बटण वर येईना,
माझी साखर मिळेना."

"बोका माझ्यावरून उठेना. मी कसं देऊ?"

डबी होती छान ऊबदार. वर बसला होता बोका. घुर्र घुर्र.

"बोकोबा, बोकोबा, उठा.
डबी नेट देईना,
चक्र थांबेना,
मावशी बोट उचलेना,
बटण वर येईना,
माझी साखर मिळेना."

"मी का उठू? मावशीच म्हणतेय, बस रे राजा."

झाली का पंचाईत! दुसरी कुणी रडत बसली असती. आपली मुंगी नाही रडली. तिने गाणं पुन्हा ऐकलं. अगदी नीट.

"बोकोबा, मावशीला दाढी येते का?"

"छे."

"मग दाढी खोटी. आणि घाई नाही, तेही खोटंच. राजा म्हणजे तो कॉम्प्युटर. अडून बसलाय. मावशीला आलंय रडू, पण ती गाणं म्हणतेय."

बोका विचारात पडला. "म्हणजे तोंडाने म्हणते बस, आणि मनात म्हणते ऊठ?"

"हो."

"अरेरे. मला कळलंच नाही गं."

बोका उठला.
डबीने नेट दिलं.
चक्र थांबलं.
मावशीने बोट उचललं.
बटण वर आलं.
साखर आली बाहेर. टुणकन!

मुंगी दाणा घेऊन घरी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. बहीण खायला लागली. कुरुम कुरुम. दाणा संपला, पोट भरलं, आणि बहीण मुंगीच्या कुशीत झोपून गेली.