केरबाचे शेजारी

एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावात एक भोळा वेल्डर होता. नाव केरबा. हात सोन्याचा, पण सांगाल तेवढंच आणि सांगाल तसंच करणार. त्याच्या मालकांनी, अंबादासशेठनी, खिडक्यांच्या जाळ्या सोडून लेसर वेल्डिंगचं मशीन आणलं. मोटार कारखान्यानं जोडायला तीन नमुने दिले. एक जरी टिकला तर काम यांचं. नाहीतर मशीन परत, पुन्हा जाळ्या.

पहिला नमुना केरबानं जोडला. जोड कसा, केसासारखा! शेठनी शिकंज्यात धरून वाकवला. कट्! जोडावरच तडकला.

"अरे, लेसरचा जोड डोळ्याचं पातं लवायच्या आत गार होतो. मग काचेसारखा तडकतो. त्याला ऊब द्यावी, सावकाश निवू द्यावं."

"देतो की शेठ."

दुसरा नमुना गाडीच्या दाराशेजारच्या, छत पेलणाऱ्या खांबाचा. केरबानं जोडला, निखाऱ्यांवर निजवला आणि दुपारभर वारा घालत बसला. शेठनी वाकवला तर चपातीसारखा दुमडला.

"अरे शहाण्या, हा पत्रा मुळात लालबुंद करून विझवलेला! कडकपणा हीच त्याची ताकद. त्याला ऊब दिलीस?"

"तुम्हीच म्हणालात."

"ते पहिल्याला! आता नीट ऐक. या पत्र्याचा जोड टिकतो. जोडाला लागून जी पट्टी तापते ती मऊ पडते, तिथं तुटतं. जोडाकडे लक्ष नको, शेजाऱ्याकडे दे."

"देतो की शेठ."

तिसराही नमुना तसलाच. केरबानं जोडला. शेजारी पट्टी दिसली, तिच्यावरही जोड मारला. तर त्याला नवा शेजारी! त्याच्यावरही मारला. संध्याकाळपर्यंत पत्रा संपला, नुसता जोड उरला.

सकाळी कारखान्याच्या देशमानेमॅडम टेम्पोतून यंत्र घेऊन आल्या. त्याचे दोन जबडे नमुना दोन्ही टोकांना धरतात आणि तुटेपर्यंत ओढतात.

"यात पत्रा कुठाय?"

"नाही मॅडम. शेजारी ठेवलाच नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. तरी नमुना जबड्यांत अडकवला आणि शेठबरोबर चहाला गेल्या. केरबा निरखत राहिला. बघतो तर काय, जोडाला अजून दोन शेजारी होते. एक वरचा जबडा, एक खालचा. त्यानं लेसर उचलला.

मंडळी परतली. मॅडमनी बटण दाबलं. कट्! नमुना मधोमध काचेसारखा फुटला. मॅडम तुकडे ओढायला गेल्या. तुकडे निघेनात.

शेठ ओरडले. "गेलं रे काम! केरबा, जोड तुटला!"

"तुटू दे की शेठ. जोडाकडे लक्ष नको, तुम्हीच म्हणालात." केरबानं जबड्यांवर प्रेमानं थाप मारली. "शेजारी बघा. एक तरी सुटला का?"