ढगांसाठी पाट

एका राज्यात धूळ नव्हती. हसू नका, खरंच नव्हती. राजा विमलसेनाला स्वच्छतेचं असं वेड, की पाहुणा दारात आला की "या, बसा" नंतर. आधी पाय झटका! एकदा त्याची एकुलती लेक वसुमती बागेतून धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर मातीची पाच बोटं उमटली. राजाने तिला दूर लोटलं. "जा, आधी हात धुऊन ये." लेक हात धुऊन आली खरी, पण त्यानंतर ती कधी धावत आली नाही.

अशा राजाकडे धूमकर्ण नावाचा मांत्रिक न आला तरच नवल. तो म्हणाला, "महाराज, अंगणातली धूळ दासी झाडतात. आभाळातली कोण झाडणार? मी झाडतो. बदल्यात उत्तरेच्या डोंगरावर माझी भट्टी पेटवू द्या."

"दिली परवानगी," राजा म्हणाला. एवढाच सौदा.

मांत्रिकाने झोळी फिरवली, आभाळातला कण न् कण गोळा केला आणि रांजणात कोंडला. आभाळ कसं लख्ख झालं! लोकांनी टाळ्या पिटल्या. मग मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. ढग यायचे, गच्च भरलेले, आणि तसेच पुढे निघून जायचे. टाळ्या पिटणारे हात आता रिकामे हंडे वाजवू लागले.

"थांबा, धूर सोडतो, पाऊस येईल," मांत्रिक म्हणाला. त्याने भट्टीत अख्खं रान घातलं. आभाळ काळवंडलं, दिवसा दिवे लागले, आणि पाऊस? नाव नको! त्यातच एका सकाळी राजाच्या पायांची बोटं काचेची झाली. आरपार दिसणारी काच.

धूमकर्ण खदाखदा हसला. "ज्याला कण सोसवत नाही, त्याला काचेचीच काया शोभते. काच गळ्याशी पोचली की गादी माझी. कपाळी पावसाचा थेंब पडला तरच ही काच उतरेल. पाडून दाखवा!"

वसुमती गच्चीवर जाऊन रडली. बापावर रुसवा होता, नाही असं नाही. पण बाप तो बाप. तेवढ्यात कठड्यावर एक पाकोळी टेकली. सारं आयुष्य आभाळात काढणारी पाखरं ही, ढगांच्या घरची बातमी त्यांनाच ठाऊक. ती बोलू लागली.

"राजकन्ये, घरी पाहुणा आला आणि बसायला पाट दिला नाही, तर?"

"तो उभ्या उभ्या निघून जाईल."

"ढगांचं तेच झालं. वाफेला थेंब व्हायचं तर बसायला कण लागतो. धुळीचा कण हाच तिचा पाट. तुमचे सगळे पाट रांजणात."

"मग धूर? त्याचेही कणच ना?"

"अगं, त्याने पाट मांडले भारंभार. जो तो आपापल्या पाटावर, एकेकटा. एका पाटावर दाटीवाटीने बसतील तेव्हा थेंब जड होतो आणि खाली येतो. शिवाय काळा धूर ऊन पितो. वर हवा तापते, खाली जमीन गारठते, ढग जागच्या जागी सुकतात. तीन कामं कर. भट्टी विझव, हिमगिरीचं तोंड पूस, रांजण आण."

वसुमती निघाली. उत्तरेच्या डोंगरावर भट्टी गरजली, "पाणी ओतशील तर पिऊन टाकीन!"

"पाणी आहेच कुठे, मेले?" वसुमती म्हणाली. तिने नखांनी ओलसर माती खणली आणि भट्टीचं हवा ओढायचं भोक लिंपून टाकलं. भट्टीचा श्वास कोंडला आणि ती विझली.

पुढे हिमगिरी रडत बसला होता. तोंडभर काजळी. "मुली, गोरा होतो तेव्हा उन्हाला परत धाडायचो. काळा झालो आणि वितळत सुटलो. नदी एकदाच फुगून गेली, आता मी उरलोय एवढासा." वसुमतीने शालूच्या पदराने त्याचं तोंड पुसलं. हिमगिरी निवला. त्याने आपला एक गार श्वास तिच्या पदरात बांधून दिला.

शेवटी आली मांत्रिकाची गुहा. आत सोन्याचे रांजण, हिऱ्यांचे रांजण, आणि कोपऱ्यात एक खडबडीत, मळका. दारातला नाग म्हणाला, "एकच उचल. चुकलीस तर तूही काच." वसुमती मनाशी म्हणाली, "बाबांनी ज्याला हात लावला नसता, तोच माझा." तिने मळका रांजण कडेवर घेतला. नाग बाजूला झाला.

ती राजवाड्यात पोचली, तेव्हा काच राजाच्या गळ्यापासून बोटभर खाली होती. राजाला अंगणात आणून ठेवलं होतं, शेजारी धूमकर्ण उभा. मनात चरकला, पण वरून गोड बोलला, "ओत ना सगळा! एवढी तहान आणि हात आखडता?" लोकही ओरडले, "ओता, ओता!"

वसुमतीने रांजण तिरका केला. मग तिला पाकोळीचे भारंभार पाट आठवले. "नाही," ती म्हणाली, "पाहुणे असतील तेवढेच पाट." तिने एकच मूठ उधळली. पाकोळ्यांनी ती पंखांवर झेलून ढगांत नेली. तिने पदराची गाठ सोडली, गार श्वास वर गेला, आणि आभाळ कडाडलं. पहिला थेंब राजाच्या कपाळावर पडला. लालसर, गढूळ, मातीचा वास असलेला थेंब!

काच खळ्ळकन गळून पडली. धूमकर्ण पळू लागला, पण तो मुळातच धुराचा. पावसाने त्याला धुऊन गटारात घातलं. उरलेली धूळ वसुमतीने वाऱ्याच्या स्वाधीन केली. वाऱ्याने ती समुद्रापार नेली, आणि तिथलं भुकेलं रान तिच्यावर पोसलं. विहिरी भरल्या, लोक चिखलात नाचले, आणि कोणी कोणाला पाय झटकायला सांगितलं नाही.

राजा समोर उभा होता. वसुमतीचे हात कोपरापर्यंत मातीचे. सवयीने ती मागे वळली.

"हात धुऊन येते, बाबा."

"नको गं," राजाने हात पसरले. "अशीच ये."

ती धावत आली. अंगरख्यावर दहा बोटं उमटली, आणि तो अंगरखा राजाने पुन्हा कधी धुवायला दिला नाही. त्यांच्या ढगांना पाट मिळाले, बापाला लेक मिळाली. तशी तुम्हांआम्हांलाही आपली माणसं मिळोत, हातपाय न धुता.