येसबाने नाळेला भरवलेले अळीव

एका गावात येसबा नावाचा एक भोळा कुंभार होता. मडकी सुबक घडवायचा. पण कुणी काही सांगितलं, की ते त्याच्या डोक्यात रुतूनच बसायचं. त्याची बायको साळू हिला दिवस गेले. सुईण भागाआक्का म्हणाली, "आई खाती, त्येच बाळाला मिळतं. नीट खाऊ घाल हिला."

येसबा विचारात पडला. बाळाला दात कुठले? मग तो भाकरीसुद्धा पाट्यावर वाटून साळूपुढे ठेवू लागला. साळू बिचारी कडक भाकरीसाठी झुरायला लागली.

आक्कानं कपाळाला हात लावला. "आरं, बाळ तोंडानं खात न्हाई! आईच्या खाण्याचं रगत व्हतं, त्यातलं सत्त्व नाळंतनं बाळाला जातं."

"मग आधी सांगायचं न्हवं!" येसबा म्हणाला. नाळ ती केवढीशी, शीत अडकलं तर? त्यानं माती गाळायचं फडकं धुतलं आणि आमटीभात त्यातून गाळला.

"अवो, भुकंनं जीव चाललाय माझा!" साळू रडकुंडीला आली.

"दम धर. नाळ तुंबंल."

आक्कानं ते फडकं चुलीत घातलं, तेव्हा कुठं साळू पोटभर जेवली. नऊ महिने भरले आणि मुलगी झाली. आक्कानं नाळ कापून येसबाकडे दिली. त्यानं ती रीतीप्रमाणे परसात पुरली.

"ह्ये भिजवल्यालं अळीव," आक्का म्हणाली. "रोज पाठवीन. खीर करून साळूला दे. दूध येईल, बाळाला मिळंल."

बाळाला? बाळाचं खाणं नाळेतून जातं, हे येसबाला आता पाठ होतं. आणि नाळ तर परसात! तो रोज वाटीभर अळीव तिथं ओतून, वर तांब्याभर पाणी घालू लागला.

घरात साळूला खिरीचा घासही मिळेना. दूध येईना. पोर रडून रडून निळी पडायची. येसबाचंही काळीज तुटायचं. तो आणखी एक वाटी ओतून यायचा.

पाचवीला आक्का आली. मायलेकींचे सुकलेले चेहरे बघून ती तडक चुलीकडे वळली. तिनं स्वतः खीर शिजवून साळूला भरवली. संध्याकाळपर्यंत दूध आलं, पोर पिऊन निजली. मग आक्का कडाडली, "येसबा कुठं हाय?"

येसबा परसात होता. नाळ पुरलेल्या जागी अळीव हिरवेगार, दाट उगवले होते. शेजारी न्हावी वस्तरा घेऊन उकिडवा बसला होता.

"आक्का, जुळं हाय!" येसबा आनंदानं ओरडला. "दुसरं वर यायला लागलंय. जावळ बघा किती दाट!" मग तो न्हाव्याकडे वळून हळूच म्हणाला, "बेतानं चालव रं. टाळू भरली नसंल अजून."