न तोडलेल्या झाडांच्या चिठ्ठ्या

फार पूर्वी एका दरीत विटांच्या भट्ट्यांचा धूर इतका वाढला, की पाखरांना श्वास घेणं कठीण झालं. दरीचा कारभार पाहणाऱ्या हत्तिणीने नियम केला: प्रत्येक भट्टीला धुराच्या मोजक्या चिठ्ठ्या मिळतील; जितक्या चिठ्ठ्या, तितकाच धूर. जो धूर कमी करेल, त्याने उरलेल्या चिठ्ठ्या विकाव्यात. धूर शोषणारी झाडं जो राखेल, त्यालाही विकायला चिठ्ठ्या मिळतील.

साळूने खपून आपली भट्टी सुधारली आणि उरलेल्या चिठ्ठ्या विकायला आणल्या. पण दुसऱ्या भट्टीच्या मालकाने, रानडुकराने, त्या घेतल्या नाहीत. त्याला तरसाकडून स्वस्त चिठ्ठ्या मिळत होत्या. "मी डोंगरावरची झाडं तोडली नाहीत, त्याबद्दलच्या या चिठ्ठ्या," असं तरस सांगे. हत्तिणीचा शिक्काही त्यांवर होता. रानडुकराची भट्टी दुप्पट धुमसू लागली. सुगरणीची दोन पिल्लं खोकून खोकून मेली.

साळू भर सभेत उभी राहिली. संतापाने तिचे काटे ताठ झाले होते.

"हत्तीणबाई, तो डोंगर कधीचा बोडका आहे! तिथे तोडायला एक झाड नाही. शिक्का मारण्याआधी तुम्ही जाऊन पाहिलंत?"

"नाही," हत्तीण खाली मान घालून म्हणाली.

तिने तरसाच्या चिठ्ठ्या तिथेच फाडल्या आणि जाऊन सोंडेने पाणी ओतून रानडुकराची भट्टी विझवली.

"अहो, मी पैसे मोजलेत!" रानडुक्कर ओरडलं.

"तू पैसे मोजलेस," साळू म्हणाली, "आणि धूर पिल्लांनी गिळला."