इनास तारीचा उपास

बसा रे सगळे, आणि मध्येमध्ये बोलू नका. फार फार मागे, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, आपलं गाव अलीकडे आणि आपलं क्रुसाचं देऊळ पलीकडे होतं. रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेला जायचं तर इनास तारीच्या होडीशिवाय इलाज नव्हता.

हा इनास खरं तर फादर व्हायला निघाला होता. सेमिनरीत गेलाही होता. पण बाप अचानक वारला, पाठची भावंडं लहान, आणि बापाची वल्ही हाती घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. पोरगा परत आला तो कायमचाच. म्हणाला, "ठीक आहे, देवा. फादर नाही तर नाही, दर रविवारी तुझा प्रसाद घ्यायला तरी येईन."

आणि तेही जमेना! का? तर आपली खाडी अशी द्वाड, की ओहोटी लागली की धक्क्याला बांधलेली होडी चिखलात बसलीच म्हणून समजा. मग अख्खं गाव संध्याकाळपर्यंत पलीकडेच अडकणार. म्हणून मिस्सा चालू असताना इनास होडी खोल पाण्यात धरून बसायचा. सगळे आत, तो एकटा बाहेर. आपल्या पूर्वजांपैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही, हेही सांगितलंच पाहिजे.

त्या काळी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा नियम होता. इनास दर रविवारी तो उपास धरायचा. बायको चिडायची, "अहो, आत जायला मिळणार नाही हे ठाऊक असून उपाशीपोटी कशाला वल्हवता?" तो म्हणायचा, "मिळालंच कधी, तर पोट भरलेलं नको." असं म्हणतात.

मग नवे फादर आले, घाटावरचे. त्यांना भरती-ओहोटी काय ठाऊक! त्यांनी भर मिस्सेत सुनावलं, "जो दुसऱ्यांना देवाच्या दारी आणतो आणि स्वतः बाहेर बसतो, त्याची श्रद्धा ती कसली?" इनासच्या कानावर ते गेलं. फार लागलं हो त्याला. त्या दिवशी तो घरी येऊनही जेवला नाही.

शेवटी ईस्टरला होडी सांभाळायला त्याचा मेहुणा तयार झाला. इनास नवा सदरा घालून देवळाच्या पायरीपर्यंत पोचला, आणि अलीकडच्या काठावरून हाक आली, "इनासा, धाव रे बाबा!" रेजिन आजी होती. हातात सुनेचं कालच जन्मलेलं पोर, निळं पडत चाललेलं. बाप्तिस्म्याशिवाय ते जाऊ नये म्हणून म्हातारी आक्रोश करत होती. ओहोटी लागली होती, आणि तेवढ्याशा पाण्यातून वाट काढणं मेहुण्याचं काम नव्हतं. इनासनं एकदा आत पाहिलं आणि तो उलटा धावला.

आजीला घेऊन परत येताना व्हायचं तेच झालं. पाणी सरलं आणि होडी मध्येच रुतली. पोराचा श्वास अडकू लागला. वेळ आली तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, एवढं इनास सेमिनरीत शिकला होता. त्यानं ओंजळभर खारं पाणी पोराच्या डोक्यावर ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. त्यासरशी पोरानं असा टाहो फोडला, की देवळातल्या लोकांनी माना वळवल्या.

तेवढ्यात आत प्रसादाची घंटा झाली. तेव्हा मात्र इनास ढसाढसा रडला. "देवा, मी काय मोठं मागितलं होतं रे? पण मी नाही तुला सोडत. रुतलो तरी तुझ्याच दारात रुतलोय."

फादरांनी वेदीपाशी उभ्या उभ्याच उघड्या दारातून ते सगळं पाहिलं. वेदीवरचा प्रसाद घेऊन ते निघाले आणि मिस्सेच्या झग्यासकट सरळ खाडीत उतरले. कमरेएवढा गाळ तो! पण त्या दिवशी तो सारवलेल्या अंगणासारखा घट्ट झाला, फादरांच्या पायाला डागही लागला नाही, असं म्हणतात.

"इनास, मला माफ कर," फादर म्हणाले. "मला काही कळलंच नव्हतं."

"फादर, मी उपाशीच आहे," इनास म्हणाला, आणि त्यानं तोंड उघडलं.

आता पूल झालाय. इनासला पाहिलेलं कुणी उरलं नाही. पण ईस्टरला आपले फादर प्रसाद घेऊन आधी धक्क्यावर येतात. तिथे रात्रपाळीहून धावत आलेली नर्स असते, रिक्षावाले असतात, सणाचं जेवण रांधणारे असतात, आजाऱ्याच्या उशापासून घटकाभर उठून आलेली एखादी बाई असते. ज्यांना मिस्सेला बसता आलं नाही, त्यांचा मान पहिला. आत बिशप बसलेले असले, तरी त्यांनाही थांबावं लागतं.