ओ द्यायची रास

पावनं, जरा थांबा. ही दगडांची रास बगितली का? फुडं नका जाऊ, तिच्या पल्याड कडा हाय आन खाली निस्ती हवा. पौषात ह्या सड्यावरनं, ह्या उघड्या कातळाच्या माळावरनं, ज्यो कुनी चालत जातो, त्यो हितं एक दगड ठेवतो आन मोठ्यानं 'ओ' देतो. कुनी हाक मारलेली नसती, तरीबी. हसू नगा. त्येचं असं सांगत्यात.

लई मागं सड्याच्या ह्या अंगाला धुळा नावाचा धनगर ऱ्हायचा. त्येची भन ठकू, सड्याच्या पल्याड म्हाकूच्या घरात दिली व्हती. म्हाकू बोलायचा कमी आन हसायचा त्याहून कमी. ठकूचं पयलं लेकरू त्या घरात दगावलं, तवापास्नं धुळाच्या मनानं घेतलं, ह्यो मानूस बरा न्हवं.

दुसऱ्या बाळंतपनाला ठकू म्हायेरी आली. पोरगा झाला. पौषात म्हाकू न्यायला आला, तसा धुळा म्हनला, "दाजी, मीबी येतो पोचवाय."

"या की."

एवढ्या चटशिरी 'या की' म्हनला, म्हून धुळाला आनखीच संशय आला.

सकाळच्याला निघाली. गवात वाळून पिवळं पडल्यालं, कातळ असा गार की पाय टेकवंना. म्हाकू म्होरं, मधी लेकराला घिऊन ठकू, मागं धुळा. जरा चाललं की म्हाकू वाकायचा, दगडं उचलायचा, एकावर एक ठेवायचा, आन तोंडातल्या तोंडात कायतरी म्हनायचा.

"दाजी, ह्ये काय चाललंय?"

"काय न्हाई. आसू द्या."

ह्यो गडी करनी करतोय, धुळाला वाटलं. आता ह्या लेकरावरबी! मग काय, म्हाकूनं रचायचं आन मागनं धुळानं लाथंनं पाडायचं. ठकूनं वळून बगितलं. "दादा, काय करतुयास रं?"

"पायात येतंय गं."

घरी पोचल्यावर धुळा पान्याचा घोटबी घेईना. ठकू म्हनली, "ऱ्हा की आजच्या दिस, धुकं येतंय." पर ह्यो थांबला तर धुळा कसला. उलट्या पावली निघाला.

निम्म्या सड्यावर धुक्यानं गाठला. हातातली काठी दिसंना. कातळावर वाट कसली उमटतीया? ह्यो आपला चाचपडत हिंडतोय. तेवढ्यात लांबनं हाक आली.

"धुळाऽऽ! कुठं हायसा? ओ द्या!"

म्हाकूचा आवाज. धुळानं तोंडावर घोंगडं दाबलं आन कारवीच्या जाळीमागं बसला. मनात म्हनला, आला मागावर. हितं सड्यावर कोन साक्षीला हाय?

हाक जवळ आली. जाळीला घासून फुडं गेली. फुडनं खालचा वारा अंगावर येत व्हता, धुळानं वळखलं, तिकडं कडा हाय. एक ओ दिली असती, तर म्हाकू माघारी वळला असता. पर धुळाला वाटलं, ह्यो मला कड्याकडंच वडतोय.

"धुळा, ओ द्या की वो..."

मग दगडं घरंगळल्याचा आवाज झाला. फुडं कायबी न्हाई.

धुकं फाटल्यावर धुळा कड्यापाशी गेला. झुडपाला म्हाकूचं घोंगडं अडाकलं व्हतं, त्येच्या खोळीत दगडं. मागनं ठकू आली, लेकराला पोटाशी धरून. तिनं घोंगडं बगितलं आन खालीच बसली.

"दादा, ती दगडं तुज्यासाटीच लावत आला व्हता रं. माघारी येताना चुकू नगंस म्हून. पडल्याली परत रचायलाच दगडं घिऊन निगाला. आन दगडाच्या दर खुनंला सड्याच्या देवीआईला म्हनायचा, माज्या मेव्हन्याला संबाळ."

धुळा घरी गेलाच न्हाई म्हनं. खोळीतली दगडं त्येनं हितं रचली आन त्या पोराला वाढवत पल्याडच ऱ्हायला. धुकं पडलं की कड्यावर येऊन ओ द्यायचा. उशिरानं.

आजबी वैऱ्याची हाक आली तरी ह्या सड्यावर ओ चुकवत न्हाईत, आन कुनी रचल्याली दगडाची खून पाडत न्हाईत.

आन पावनं, मगाधरनं माज्या पिशवीकडं चोरून काय बगताय? दगडंच हायती. घ्या एकेक. आन ओ जरा मोठ्यानं द्या, खाली लई खोल हाय.