ओ न देणारी डबी

एकदा एक औषधांचा घाऊक व्यापारी तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका वृद्ध गुरूंकडे आला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधीच आपले गाऱ्हाणे सांगू लागला. गुरूंनी तंत्रनिकेतनात आयुष्यभर मुलांना संगणकांची जाळी बांधायला शिकवले होते. निवृत्तीनंतरही शिकायची खरी ओढ असलेली चार-दोन मुले त्यांच्याकडे येत. त्यांतली शाल्मली त्यांची विशेष लाडकी. लाडकी असल्यामुळे बोलणीही तिलाच सर्वांत जास्त बसत आणि ती बिचारी त्या बोलण्यांनाच शाबासकी समजे.

"सर, गोदामात नवे कॅमेरे बसवायचेत," व्यापारी म्हणाला. "कॅमेरेवाला म्हणतो, प्रत्येक कॅमेऱ्याला एकेक रिकामा आयपी पत्ता द्या, म्हणजे जाळ्यातला त्याचा घरक्रमांक. आता कुठला पत्ता रिकामा आणि कुठे आधीच कुणी बसलंय, हे मला काय ठाऊक! ज्या मुलाने हे जाळं बसवलं तो दुबईला गेला. फोन उचलत नाही."

"मग चुकून भरलेला पत्ता दिला तर काय होईल, ते माहीत आहे?" गुरूंनी विचारले.

"तेवढं माहीत आहे म्हणून तर झोप उडालीय. एका पत्त्यावर दोन यंत्रं आली की दोघांचंही बोलणं तुटतं. कॅमेरा बंद पडला तर पडू दे. पण माझ्या थंड खोलीत इन्सुलिन आहे, लसी आहेत. तिथे एक डबी लावलीय. ती अधूनमधून खोलीचा थंडावा मला मोबाइलवर कळवते, म्हणजे खोली तापली तर समजतं. ती मुकी झाली आणि नेमकी वीज गेली तर? नासलेलं इन्सुलिन दिसायला चांगल्यासारखंच दिसतं हो सर. विकणाऱ्याला कळत नाही, टोचून घेणाऱ्याला तर नाहीच नाही. माझी स्वतःची आई त्यातलंच घेते."

गुरूंनी आपल्या दुखऱ्या गुडघ्यांकडे पाहिले, मग शाल्मलीकडे पाहिले. "शेठ, ही जाईल," ते म्हणाले. शाल्मलीला आकाश ठेंगणे झाले. स्वतंत्रपणे करायचे तिचे हे पहिलेच काम होते.

तिच्या लॅपटॉपमध्ये जाळे तपासायची साधने पुष्कळ होती. मुले गाणी जमवतात तशी तिने ती हौसेने जमवली होती. त्यांतले तिचे आवडते साधन फार वेगवान आणि फार देखणे होते. ते प्रत्येक पत्त्याला हाक मारी. उत्तर आले तर हिरवा ठिपका उमटे, न आले तर लाल, आणि लाल ठिपक्यापुढे ते साधन आपल्या आपण लिही, 'मृत'. शेठनी मागवलेला चहा गाळून होईपर्यंत साऱ्या पत्त्यांचा निकाल लागला. या हिरव्या ठिपक्यांत थंड खोलीतली डबी कोणती, हे विचारायचे तिला सुचलेच नाही. ठिपके पाहूनच तिचे मन भरून गेले. लाल पत्त्यांतले हवे तेवढे तिने एका चिठ्ठीवर उतरवून शेठच्या हाती दिले आणि उद्या दुपारी कॅमेरे जोडायला हरकत नाही, असे ऐटीत सांगून ती निघाली.

संध्याकाळी गुरूंना तिने सारे दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवून पडद्याकडे बराच वेळ पाहिले.

"हे लाल म्हणजे काय गं?"

"मृत, सर. म्हणजे तिथे कुणीच नाही."

"बरं," गुरू म्हणाले. पुढे त्यांनी काहीच विचारले नाही. जेवलीस का, एवढेच विचारले. उद्या गोदामात जाण्याआधी मात्र इकडे येऊन जा, असे बजावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली दारात येऊन उभी राहिली. "सर!" तिने हाक मारली. आतून ओ आली नाही. तिने पुन्हा हाक मारली, बेल वाजवली, फोन लावला. फोन लागला, पण कुणी उचलला नाही. फिरायला गेले असतील असे वाटून ती देवळापाशी जाऊन आली, तिथून वाचनालयात डोकावली. गुरू कुठेच नव्हते. उन्हातून परत येताना तिच्या मनात राग आणि काळजी यांची चांगलीच खिचडी झाली होती. एवढ्या वयाचा माणूस, न सांगता जातो कुठे?

शेजारच्या गोदूमावशी अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. "मावशी, सर कुठे गेलेत हो?"

"कुठे जातायत? घरातच आहेत की. आत्ताच माझ्याकडून विरजण मागून नेलंय त्यांनी."

शाल्मलीने जाऊन दार ढकलले. ते नुसते लोटलेले होते. आत खिडकीशेजारी गुरू आरामखुर्चीत बसून शांतपणे मेथी निवडत होते.

"सर! मी मघापासून हाका मारतेय. ओ का नाही दिलीत? माझा जीव किती घाबरला, कल्पना आहे तुम्हाला?" तिच्या डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते.

"चुकलंच माझं, तुला घाबरवायला नको होतं," गुरू म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून वाटत होते. "पण मी घरात नाही, हे तू कशावरून ठरवलंस?"

"हाक मारली, ओ आली नाही."

"आणि आहे, हे कशावरून कळलं?"

"मावशींनी सांगितलं म्हणून."

गुरूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "काल तू गोदामात दारोदार अशाच हाका मारून आलीस, बाळ. ज्यांनी ओ दिली ते जिवंत, ज्यांनी दिली नाही ते मृत. पण ओ देणं ही ज्याची त्याची खुशी असते. कित्येक यंत्रांना बनवणाऱ्यानेच बजावलेलं असतं की अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही. लहानपणी आपल्याला नव्हतं का सांगत, तिन्हीसांजेनंतर एका हाकेला ओ देऊ नकोस म्हणून? तसंच ते. अशा वेळी दुसरं साधन काढायचं. ते हाक मारत नाही. ते आळीत उभं राहून विचारतं, अमुक पत्त्यावर कोण राहतं? या प्रश्नाला कुणालाच गप्प बसून चालत नाही, कारण गप्प बसलं तर त्याचं टपालच येणं बंद होईल. हाक टाळणारा माणूससुद्धा टपाल टाळत नाही. या साधनाची खोड एवढीच की ते आपल्या आळीपुरतं चालतं, भिंतीपलीकडे त्याचा आवाज जात नाही. म्हणून साधन निवडताना ते किती वेगवान आहे, हे शेवटी बघावं. आधी बघावं की ते नेमकं काय विचारतं, आणि उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ काय लावतं. उत्तर न देणाऱ्याला मृत म्हणणारं तुझं साधन वाईट नाही. त्याला तेवढंच कळतं. जास्त आपल्याला कळायला हवं."

शाल्मलीचा चेहरा उतरला. शेठच्या हातातली ती चिठ्ठी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिने घाईघाईने फोन लावला. "शेठ, कॅमेरे जोडू नका! मी दिलेले पत्ते कदाचित..."

"अहो, कोण जोडतंय?" शेठ पलीकडून म्हणाले. "तुमच्या सरांनी काल रात्रीच सांगून ठेवलंय, शाल्मलीचा स्वतःचा फोन आल्याशिवाय एकही तार जोडायची नाही म्हणून."

तिने फोन ठेवला आणि गुरूंकडे पाहिले. ते पुन्हा मेथीत गढून गेले होते. त्यांनी शेठना तिची चूक सांगितली नव्हती, स्वतः जाऊन ती दुरुस्तही केली नव्हती. काम तिचेच राहू दिले होते. तिला त्या म्हाताऱ्या माणसाची अतोनात माया आली.

"काल मलाच का नाही सांगितलंत, सर?"

"काल तू हिरव्या ठिपक्यांत होतीस," गुरू म्हणाले. "आता जा. माझे गुडघे इथेच बसून तुझी वाट बघतील."

गोदामात पोचून शाल्मलीने आळीत विचारणारे ते दुसरे साधन चालवले. कालच्या मृतांतले कितीतरी जण उठून बसले. हजेरीचे यंत्र होते, दाराशी असलेला वजनकाटा होता आणि खुद्द शेठचा संगणकही होता.

"हा मेला होता?" शेठ आपल्या संगणकाकडे पाहत राहिले. "सकाळपासून यावरच तर मी बिलं काढतोय!" आणि ते पोट धरून हसले.

शाल्मलीला मात्र हसू आले नाही. आज ती एकेक पत्ता घेऊन एकेका यंत्रापाशी जात होती, हा पत्ता तुझाच ना, अशी खातरी करून घेत होती. साऱ्यांचा मेळ बसला, पण थंड खोलीतली डबी काही सापडेना. तिने हाकेला ओ दिली नव्हती आणि आळीतल्या प्रश्नालाही उत्तर दिले नव्हते.

एव्हाना कॅमेरेवाला शिडी लावून तयार होता. "मॅडम, आता राहिलेले तरी रिकामे आहेत ना? त्यातलाच एखादा सांगा. मला पुढे दोन ठिकाणी जायचंय."

शेठही तिच्या तोंडाकडे पाहू लागले. गुरूंनी सांगितलेले साधन तिने वापरले होते. आता हो म्हणाली असती, तर तिला कुणीच दोष दिला नसता.

"मला माहीत नाही," शाल्मली म्हणाली.

चारचौघांत हे शब्द उच्चारायला जीभ किती जड होते, ते ज्याने उच्चारले आहेत त्यालाच ठाऊक. कॅमेरेवाल्याने शिडीवरूनच कपाळाला हात लावला. शाल्मली तशीच वळली आणि शेठकडून कोट मागून घेऊन थंड खोलीत शिरली.

औषधांच्या खोक्यांच्या वर, भिंतीला, ती पांढरी डबी चिकटवलेली होती. जवळ जाऊन पाहिले तर तिला तारच नव्हती. ती सेलवर चालत होती आणि तिचा दिवा विझलेला होता. शाल्मली थंडीत कुडकुडत तिच्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिच्या लक्षात आले की डबी बिघडलेली नाही, ती झोपली आहे. सेल लवकर संपू नयेत म्हणून ती बहुतेक वेळ झोपूनच काढत असणार, मधूनच जागी होऊन खोलीचा थंडावा कळवत असणार आणि पुन्हा डोळे मिटत असणार. गाढ झोपलेल्याला हाक मारा नाहीतर टपालवाला पाठवा, त्याला काय कळणार?

बाहेर येऊन तिने लॅपटॉपमधले एक तिसरे साधन उघडले. आजवर तिने ते आळशी म्हणून कोपऱ्यात टाकले होते, कारण ते कुणाला काही विचारतच नाही. जाळ्यावर कोण काय बोलते, त्याकडे कान देऊन नुसते बसून राहते. शाल्मलीही त्याच्यापुढे बसून राहिली. कॅमेरेवाल्याने एक चहा घेतला, दुसरा घेतला, मग वैतागून तो जेवायला निघून गेला. शेठ दोनदा येऊन, न बोलता परत गेले. त्या मुलीच्या बसण्यात असे काही होते की त्यांना घाई करवेना.

आणि मग पडद्यावर एक ओळ उमटली. डबी जागी झाली होती. जागी होताच तिने आपला पत्ता जाळ्याला ऐकवला, खोलीचा थंडावा कळवला आणि ती पुन्हा गप्प झाली. शाल्मलीने तो पत्ता वाचला. कालच्या चिठ्ठीवर पहिल्या कॅमेऱ्यासाठी तिने लिहून दिलेला पत्ता तोच होता.

थंड खोलीच्या काचेच्या दारातून दिसणाऱ्या त्या खोक्यांकडे तिला पाहवेना. त्यांतले एखादे शेठच्या आईसाठी जाणार होते, बाकीची तिला ठाऊक नसलेल्या किती घरांत जाणार होती. आणखी कुणी झोपलेले राहिले नसेल ना, म्हणून ती दुपार टळून जाईपर्यंत तिथेच कान देऊन बसली. त्यानंतरच तिने कॅमेरेवाल्याला बोलावले आणि नवे पत्ते दिले.

सारे कॅमेरे लागल्यावर डबीचा निरोप शेठच्या मोबाइलवर पूर्वीसारखाच आला. खोली थंड होती. शेठचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी शाल्मली गुरूंकडे आली तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसले होते.

"सापडली डबी?"

"सापडली, सर. पण आळीत विचारून नाही सापडली. ती झोपलेली होती."

गुरूंच्या भुवया वर गेल्या. "मग कोणतं साधन वापरलंस?"

"जे काहीच विचारत नाही ते. मी नुसती ऐकत बसले, ती जागी होईपर्यंत."

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्याकडे गुरू उगीचच पाहत राहिले.

"हे मला सुचलं नव्हतं," अखेर ते म्हणाले. "मला वाटलं होतं, दुसरं साधन सांगितलं की झालं. तिथे मी असतो ना, तर आळीतून उत्तर नाही म्हटल्यावर तो पत्ता रिकामा समजून देऊन मोकळा झालो असतो."

मग ते कष्टाने थोडे सरकले आणि त्यांनी बाकावर आपल्या शेजारी जागा केली. "बसा, शाल्मलीबाई."

शाल्मली गोरीमोरी झाली. "सर, मला काय अहो-जाहो करताय! तू म्हणा."

"उद्यापासून तूच म्हणणार आहे," गुरू म्हणाले. "आज एवढं एकदा म्हणू द्या."